कोपरभर खोल

आठवीपर्यंत मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. उत्तर येत असलं तरी नाही. वस्तीतल्या पोरींनी मागच्या बाकावर बसायचं आणि घंटा झाली की निघायचं, असं मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी तसंच करायचे. मग नववीत विज्ञान प्रदर्शनात माझ्या वाळूच्या गाळणीला जिल्ह्यात दुसरा नंबर मिळाला, आणि तेव्हापासून माझा हात खाली यायलाच तयार नाही. बाईंचा प्रश्न अर्धा झाला की हात वर! म्हणून २०४२ च्या जानेवारीत पिवळी टाकी वस्तीत कंदील आला आणि पिंपळापुरे मॅडमनी विचारलं, "इथली गल्ली न् गल्ली ओळखणारं कोणी आहे का?", तेव्हा कोणाचा हात आधी वर गेला, हे काय सांगायचं.

पिवळी टाकी म्हणजे नागपूरच्या पूर्वेला, नाल्याच्या काठावर वसलेली आमची वस्ती. टाकी खरंच पिवळी आहे. तिच्यात पाणी कधी चढलं नाही, पण रिक्षावाल्याला सांगायला बरी पडते. कागदावर मात्र हा पत्ता कोणाचाच नव्हता. वस्तीनं वर्षानुवर्षं एक चूक केली होती. कोणी पत्ता विचारला की गावचा सांगायचा. आधारवर गावचा, दवाखान्यात गावचा, मतदार यादीत गावचा. झोपडपट्टी लिहायची लाज, आणि कधीही उठवतील ही भीती. जे थोडे इथले कागद होते, ते आमच्या तेहतीस घरांच्या रांगेपुरते २०२८ च्या मे महिन्यातल्या आगीत गेले. मी तेव्हा दोन वर्षांची होते. मला आग आठवत नाही, तिचा वास आठवतो.

आता नाल्यापलीकडे वस्तीतल्या लोकांसाठी आठ मजली इमारती उभ्या होत्या. घरात नळ, घरात संडास, खिडकीला काच. त्यातल्या तीन मजल्यांचं सेंट्रिंग माझ्या बाबांनीच केलं होतं. ते लांबून बोट दाखवत सांगायचे, "तो सहावा मजला माह्या हातचा." नियम एकच होता. १ जानेवारी २०२६ च्या आधीपासून इथं घर असेल आणि तीच माणसं राहत असल्याचं शेजारी सांगतील, तर पात्र. नाहीतर अपात्र. शंका असेल तरी अपात्र. घर केव्हाचं, हे कंदील सांगणार होता.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. पण त्याला वर कडी होती, मधे काचेची नळी होती आणि ते हातात धरून घरोघर न्यायचे, म्हणून तासाभरात वस्तीनं त्याला 'कंदील' करून टाकलं. मॅडम भूविज्ञानाच्या प्राध्यापक. त्या समजावून सांगायला लागल्या की लोक जांभया द्यायचे. शेवटी मी त्यांच्या हातातून भोंगा घेतला.

"ऐका! आपल्या नळाखाली बादली ठेवतो ना? नळ बंद असला तरी टिपटिप चालू असते. बादलीत किती पाणी जमलं ते पाहून सांगता येतं की नाही, शेवटची रिकामी केव्हा केली? वाळूचा कण म्हणजे तशीच बादली. मातीत थोडा थोडा किरणोत्सर्ग असतो. घाबरू नका, सगळीकडेच असतो. त्याच्यानं वाळूतले इलेक्ट्रॉन उडतात आणि कणाच्या आतल्या फटींत अडकून बसतात. वर्षानुवर्षं टिपटिप. पण कणावर ऊन पडलं की बादली उपडी, सगळे मोकळे! भिंत बांधताना वाळू उन्हात असते, म्हणजे बादली रिकामी. मग ती भिंतीच्या आत अंधारात जाते आणि पुन्हा टिपटिप सुरू. कंदील त्या कणावर उजेड टाकतो. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना कण जरासा चमकतो. जितकी चमक जास्त, तितकी भिंत जुनी!"

"म्हणजे उजेड टाकला की बादली सांडते?" माझ्या शेजारच्या बेबीमावशीनं विचारलं.

"हो. एकदाच वाचता येतं. वाचलं की पुसलं."

"मंग नीट वाचा बाप्पा," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

बेबीमावशी सदुसष्ट वर्षांची. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. टाकीखाली तिची तर्री-पोह्याची गाडी. तिच्या आणि आमच्या घरामधे कमरेइतकी विटांची भिंत आणि वर पत्रा. आमच्याकडे शिंक आली तर पलीकडून ती "जगदंबे" म्हणायची.

पहिले दोन दिवस मी हवेत होते. पहिल्या रांगेची घरं २०१९, २०२१ अशी निघाली. चौथ्या रांगेतल्या डोमाजी काकांनी साहेबलोक येणार म्हणून आदल्या आठवड्यात भिंतींना नवाकोरा गिलावा केला होता. कंदील म्हणाला, वय आठ दिवस.

"काका, पाहुणे येणार म्हणून जन्मतारीखच बदलली काय?" मी म्हटलं. मॅडमनी विटांच्या सांध्यात खोलवर नळी घातली तेव्हा त्यांचं घर २०२० चं निघालं. काकांनी मला पेढा दिला. मला वाटलं, मीच घरं वाटून राहिली.

तिसऱ्या दिवशी आमची रांग.

पहिलं घर तेरा वर्षं आठ महिने. दुसरं तेरा वर्षं आठ महिने. तिसरं तेच. आमचं तेच. तेहतिसावं तेच.

मॅडम बाजेवर बसल्या. "आग," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. ऊन बादली उपडी करतं. आग ती तळापासून घासून काढते. विटा इतक्या तापल्या की आतल्या वाळूनं सगळं सोडून दिलं. हे बघ, भाजलेल्या कणाची चमकसुद्धा वेगळी दिसते. या भिंती आगीपासूनच मोजतायत."

"आणि भिंतीखाली?" मी विचारलं.

"भिंतीखाली तुम्ही काळ्या दगडाची गिट्टी भरली आहे. वाळूचे कण ज्याचे असतात, तो क्वार्ट्झ त्या दगडात नसतो. तिथं कंदील आंधळा."

ज्या आगीनं कागद खाल्ले, तिनंच भिंतींची आठवणही खाल्ली होती. तेहतीस घरं अपात्र. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पलीकडच्या घरातली बाई एवढंच म्हणाली, "तूच भोंगा घेऊन सांगत होती ना, कंदील खोटं बोलत नाही म्हणून?"

मी मॅडमच्या मागे मागे गाडीपर्यंत गेले. "काहीच उपाय नाही?"

"आगीची धग जमिनीत वीतभर जाते, त्याखाली नाही. पण तिथली माती हजारो वर्षं जुनी. तिला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. कोणीतरी दिवसाढवळ्या खोल खणून, माती वर काढून, तिला ऊन लागून, पुन्हा बुजवलेला खड्डा असेल तरच काही कळेल. घरातल्या घरात असा खड्डा कोण खणतं?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि पाण्याची कॅन दारातच टेकवली.

"तिथं नको ठेवू!" आई म्हणाली. ती मेसमध्ये पोळ्या लाटते, नुकतीच घरी आली होती. "कितीदा सांगितलं, त्या फरशीवर ओझं नाही ठेवायचं."

उंबऱ्याच्या आत, उजव्या हाताची फरशी. लहानपणापासून हे ऐकत आले होते. तिथं माझी नाळ पुरलेली. आमच्याकडे बाळ दवाखान्यात झालं तरी बाया नर्सला सांगून नाळ-वार मडक्यात घालून घरी आणतात आणि घरातच खोल पुरतात. कुत्र्या-मांजरांनी उकरू नये म्हणून कोपरभर खोल.

कोपरभर! मी कॅन हातात तशीच धरून उभी राहिले.

"आई! कोपर म्हणजे वीतभरापेक्षा खोल! आणि खड्डा दिवसा खणला असेल ना? ऊन लागलं असेल ना? आई, माझ्या नाळेमुळे घर वाचते!" मी उड्या मारत होते. मग बोटांवर मोजायला लागले आणि उडी अर्ध्यात राहिली. माझा जन्म ५ फेब्रुवारी २०२६. नियमाची तारीख १ जानेवारी. पाच आठवडे. मी पाच आठवडे उशिरा जन्मले होते.

मी खाली बसले. आई परातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"खाली अजून एक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मडकं. तुह्या खाली."

एक गोष्ट मी दरवर्षी पाहिली होती आणि कधी विचारली नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आई त्या फरशीवर हळदीचं बोट लावायची. मला वाटायचं, माझ्यासाठी. पण माझा वाढदिवस तर फेब्रुवारीत.

"तुह्या आधी एक पोरगी झाली होती," आई म्हणाली. "जुई. सव्वीस दिवस होती. तेव्हा नाल्याच्या बाजूच्या हापशीचं पाणी प्यायचो आम्ही. उकळायचं असते हे कोणी सांगितलं नाही. माह्यापासून तिले लागलं, जुलाब. ज्या जागी तिले ठेवलं, नाल्याच्या वरच्या अंगाले, तिथं आता सिमिटाचा काठ बांधला. फिरायले लोक येतात तिथं." तिनं फरशीकडे पाहिलं. "माह्यापाशी तिचं एवढंच आहे."

"आई, पण तेच तर पाहिजे! ते उघडलं तर—"

"वाचलं की पुसते म्हणत होती ना तू?"

आणि मग मी ते बोलले. माझा नवा आत्मविश्वास, माझी जीभ! "जी गेली तिची माती जपून ठेवते, आणि आम्ही जिवंत आहो त्यांचं काय? परत एखादी जुई इथल्याच पाण्यानं मेली तर चालते तुले?"

आईनं मला मारलं नाही. तिनं उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधल्या, डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी केस बांधता बांधता म्हणाली, "तुह्या मॅडमले बोलाव. खणीन मात्र मी."

भर दुपारी बारा वाजता मॅडमनी आमच्या दारात काळ्या कापडाचा तंबू लावला. आत फक्त एक मंद लाल दिवा, कारण लाल उजेडानं वाळूची बादली सांडत नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, पोरं कापडाला नाक लावून उभी होती, आणि आत आम्ही तिघी. आईनं फरशी उचकटली. उलथण्यानं हळूहळू माती काढली. आधी माझ्या मडक्याच्या खापऱ्या निघाल्या. मला हसू आलं. त्याच्या खाली एक लहान मडकं, अख्खं. आईनं त्याला बोटांनी मोकळं केलं, जागचं हलवलं नाही. मॅडमनी बाजूच्या मातीत काळी नळी दाबली, दोन्ही तोंडं बंद केली.

"नमुन्याला नाव लागतं," त्या म्हणाल्या. "घर क्रमांक घालू?"

"जुई लिहा," आई म्हणाली. "जुई शालिक नेवारे."

मी चिठ्ठीवर लिहिलं. लाल उजेडात अक्षरं नीट दिसत नव्हती. आईनं माती पुन्हा लोटली, हातानं थोपटली. पोळीचा गोळा थोपटतात तशी नाही, हलकी.

दोन तासांनी कंदिलानं सांगितलं, सतरा वर्षं चार महिने, अधिक-उणे चार महिने. म्हणजे २०२६ च्या बरंच आधी.

बाहेर पोरं नाचायला लागली. बाबांनी हात जोडून देवाचं नाव घेतलं. आई म्हणाली, "चार महिने कायचे? पोळ्याची कर होती. दुपारचे बारा."

 मॅडम कंदिलाच्या पडद्यावरच्या रेघा दाखवत म्हणाल्या, "इतका स्वच्छ आकडा मला प्रयोगशाळेतही मिळत नाही. घाईनं बुजवलेल्या खड्ड्यात अर्ध्या कणांना ऊनच लागलेलं नसतं. ही माती कोणीतरी बराच वेळ उन्हात पसरून ठेवली होती. कोणी?"

"बेबीबाईनं," आई म्हणाली. "पोत्यावर पसरली आणि गोटे निवडले. म्हणे, लेकीच्या नाळेवर गोटा नको."

त्यानंतरचे चार दिवस आमच्या रांगेत बायांचं राज्य होतं. पुरुष कागद हरवले म्हणून डोकं धरून बसले होते, पण कोणत्या लेकराची नाळ कुठल्या कोपऱ्यात, हे बाया डोळे मिटून सांगत होत्या. "चुलीच्या डाव्या हाताले, दोन वीत." "पलंगाच्या पायाखाली, जुळे होते माहे." मी तंबू उचलून या घरातून त्या घरात. तेहतीसपैकी एकतीस घरं २०२६ च्या आधीची निघाली. बत्तिसावं खरंच नंतर आलेलं होतं, त्यांनी स्वतःच सांगितलं.

तेहतिसावं बेबीमावशीचं. या रांगेतलं सगळ्यात जुनं घर, आणि तिच्या जमिनीत काहीच नव्हतं. कधी मूल झालं नाही तर पुरणार काय?

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यादी लागली तेव्हा आलं. जी युक्ती मी भोंग्यावर ओरडून सांगितली, तिच्यात मूल झालेल्या बाईलाच घर होतं. नळावर कोणीतरी म्हणालं, "लोक तर म्हणतच होते, आता मशीनही म्हणून राहिली." मी बेबीमावशीच्या गाडीशी गेले.

"तोंड काहून पाडलं?" ती म्हणाली. "मशीनले काय माहीत! आख्खी वस्ती माह्या पोह्यावर वाढली. घे, तर्री जास्त टाकली."

मी बशी तशीच गाडीवर ठेवून निघाले.

घरी आले तर आई आणि बाबा समोरासमोर बसले होते.

"रंजीता, गप राह्य," बाबा म्हणत होते. "एका मूळ घराला एकच सदनिका. तू तोंड उघडलं तर आपलं जाते."

"आपलं कधी होतं?" आई म्हणाली.

मग मला कळलं. २०२३ साली आई-बाबा तिरोड्याकडून आले तेव्हा त्यांच्याकडे फक्त एक गाठोडं होतं. आई टाकीखाली बसली होती. बेबीमावशी गाडी घेऊन परत येत होती, तिनं विचारलं, "बाहेर कायले बसली? आत ये." तेव्हा मधे भिंत नव्हती. एकच खोली, बेबीमावशीची. जुई त्या खोलीत झाली, मीही त्याच खोलीत. आगीनंतर मदतीचे पत्रे कुटुंबामागे आठ मिळत होते, म्हणून दोन कुटुंबं लिहिली, कमरेइतक्या विटा रचल्या आणि एका घराची दोन झाली. उंबरा आमच्या बाजूला आला, इतकंच. जुईची नाळ बेबीमावशीच्या जमिनीत होती.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आई, गप राहिलं तर काय होते?" मला त्या घरात टेबल लावायचं होतं. खिडकीखाली. दहावीचा अभ्यास मी पाण्याच्या पिंपावर पाट ठेवून करत होते.

पत्र्यापलीकडून आवाज आला. "पोरगी बरोबर म्हणते, रंजीता. मले किती दिवस राह्यचं आता? तिचं शिक्षण आहे."



सोमवारी टाकीखालच्या मांडवात सुनावणी. टेबलामागे घरं वाटणारे सरकारी साहेब, बाजूला मॅडम, समोर अख्खी रांग सतरंजीवर. आमचं नाव पुकारलं तेव्हा आई उभी राहिली आणि पदर सारखा करून सगळं सांगितलं. एकच खोली होती. बेबीबाईची. आम्ही तिच्या आसऱ्यानं राहिलो.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुमचं नाव पात्र यादीत आहे. तुम्ही काय बोलताय कळतंय ना? एका मूळ घराला एकच सदनिका, आणि ती मूळ घरमालकाला."

"कळते जी."

"पुरावा आहे का काही?"

बेबीमावशी मागून उठली. "काही नाही, साहेब! हिले ऊन लागलं. घर हिचंच होतं, मी साक्ष देतो. लिहून टाका."

मांडवात हसू पसरलं. साहेबही हसले आणि त्यांनी पेन उचललं. आई तशीच उभी होती, पण तिच्याकडे सांगण्यापलीकडे काही नव्हतं. बाबा खाली मान घालून बसलेले. मॅडम कागद चाळत होत्या.

आणि मला उत्तर येत होतं.

त्या मांडवात ते फक्त मला येत होतं. मॅडमना मधली भिंत आगीनंतरची आहे हे माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना वाळू माहीत नव्हती. मी गप्प बसले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं. खिडकी, टेबल, नळ, सहावा मजला. मी आठवीतल्यासारखी मागच्या बाकावर बसले असते तर झालं असतं. मी बेबीमावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिनं हळूच मान हलवली. नको म्हणून.

माझा हात इतका जड कधी झाला नव्हता. पण तो वर गेला.

"साहेब, मधली भिंत तपासा," मी म्हटलं. "आमच्या बाकी भिंतींची वाळू भाजलेली आहे, आगीनं. मॅडम म्हणाल्या, भाजलेला कण वेगळा चमकतो. मधल्या भिंतीतली वाळू भाजलेली नसेल, नुसती उन्हातली असेल, तर आगीच्या वेळी ती भिंत नव्हती. म्हणजे खोली एकच होती."

मॅडमनी कागद खाली ठेवले. त्या उठल्या आणि कंदील घेऊन आमच्या घराकडे चालू लागल्या.

तीन भिंती भाजलेल्या निघाल्या. मधली नाही.

निकाल असा लागला. मूळ घर एक, सदनिका एक, नाव बेबीबाई सोनबा वाघाडे. आमच्या नावापुढे 'आश्रित कुटुंब' असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पिंपावर पाट ठेवून गणितं सोडवत होते, तर ते येऊन दिवा माझ्या बाजूला सरकवून गेले. तेवढंच. मॅडमनी जाताना सांगितलं की पुढच्या वस्त्यांत त्या एकट्या कंदिलावर निवाडा करू देणार नाहीत, आधी बायांना विचारतील, सगळ्या बायांना. मी म्हटलं, "मूल नसलेल्यांनापण?" त्या म्हणाल्या, "त्यांना आधी."

आमच्या रांगेतले लोक एप्रिलमध्ये हलले. माझा शेवटचा पेपर त्याच दिवशी होता. शाळेतून थेट नाल्यापलीकडे गेले तर आई इमारतीखाली गाठोडं घेऊन उभी होती. घर बेबीमावशीचं. आपण वर जायचं की नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारणं तिच्या स्वभावात नाही. मीच तिला ओढत सहा जिने चढवले. बाबांच्या हातचा मजला.

दार उघडं होतं. आत बेबीमावशी नळ सोडून त्याखाली हात धरून उभी होती, लहान पोरीसारखी. आई उंबऱ्याबाहेर थांबली. मी भिंतीला तळवा लावला. नवी भिंत, आतली वाळू नुकतीच अंधारात गेलेली. तिची बादली रिकामी होती आणि पहिला थेंब पडायचा होता. यापुढे ती आमचे सगळ्यांचे दिवस मोजणार होती, कोणाला मूल झालं आणि कोणाला नाही, हे न विचारता.

बेबीमावशीनं नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि दाराकडे पाहिलं.

"बाहेर कायले उभी, रंजीता?" ती म्हणाली. "आत ये."